प्रकरण एक्केचाळीस, शेवटची चौकट

दार उघडं, कंदील विझलेला,
उंबऱ्याशी मिनाहो,
आणि फुग्यात एकच शब्द:
घरी पोचल्याची वर्दी.

तिकडच्या त्या शब्दात
क्रियापद कुणाचं अंग चाचपत नाही.
आपल्याकडे
मी आले,
मी आलो,
मधे फक्त एक काना उभा, पहाऱ्यावर.

चाळीस प्रकरणं मी त्याला चुकवलं.
'भूक लागली.' 'समुद्र पाहिला.'
'मला माहीत नाही.' 'उद्या येईन.'
मराठीत लपायला जागा आहेत,
शोधाव्या लागतात इतकंच.
चाळीस प्रकरणं कुणाच्या लक्षात आलं नाही.
मग हे दार.

रविवारी सातपूरच्या मिसळीवर बैठक बसली.
यज्ञेश म्हणाला, 'आलो'. विषय संपला.
पहिल्या पानापासून मी त्याला मुलगा म्हणूनच वाचलंय.
हर्षाली म्हणाली, मग मी तीन वर्षं काय वाचलं?
कुणीतरी चाचरत सुचवलं, 'आलं' करू या?
"म्हणजे मांजराचं पिल्लू?"
पाव ताटलीत आपटला तिने.
वेदिका चौगुले कागलची.
"आमच्याकडं पोरीबी 'आलो'च म्हणत्यात.
'येतो गं आई' म्हणून शाळेला जात्यात.
कुणाचं काय बिघडलंय?"
सगळे हसले. ती नाही हसली.

दौलत गावित सुरगाण्याचा, सहसा बोलत नाही.
गेल्या वर्षी संमेलनात मिनाहो होऊन आला होता,
पुठ्ठ्याचा कंदील, आजोबांच्या धोतराचा झगा,
तेव्हा कुणीतरी तोंडावर म्हटलं होतं,
मिनाहो इतका काळा नाहीये रे.
आमच्यातलंच कुणीतरी.
आज त्याने रस्सा संपवला, हात पुसले.
"बोहाड्याला काका देवीचं सोंग घेतो.
मुखवटा चढला की बाया पाया पडतात.
उतरला की तोच काका बिडी मागतो.
मधल्या वेळात तो कोण,
गावात कुणी विचारत नाही.
तुम्ही फार विचारता."

अझीम मणियार उशिरा आला,
नेहमीसारखा भलतंच घेऊन.
"पान चोरीचं, आणि भांडण कान्याचं.
ज्या हाताने हे काढलं
त्या हाताला आपण कधी एक रुपया दिलाय?"
त्याचे अब्बा नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त.
बत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
बत्तीस वर्षं घरी जाताना झडती दिली.
"आपली झडती कोण घेतं?
फुकट वाटतो, वर पुण्य पण आपलंच."
कुणी काही बोललं नाही.
बिल भरताना मात्र सगळ्यांनी
सुट्टे पैसे फार नीट मोजले.

रात्री यज्ञेशच्या वर्कशॉपच्या माळ्यावर
मूळ शब्दावर पांढरा रंग फासला.
'आलो' बसवलं. बसलं,
दुसऱ्याचा शर्ट बसतो तसं.
मग 'आले'. तेही बसलं,
काखेत थोडं काचलं.
'आम्ही आलो' लिहून पाहिलं,
'आम्ही'ला कुणी काही विचारत नाही,
पण दारात सावली एकच होती.

फुगा रिकामाच ठेवून सिडकोत घरी.
अकरा वाजून गेलेले. जिन्यातला दिवा गेलेला.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर
काना आहे की नाही, ते इथे लिहिणार नाही.
हातात मोबाइल, तीन टक्के उजेड.
कडी वाजवली.
आतून आई: "कोण?"

हा प्रश्न ती रोज विचारते.
उत्तरही रोज तेच जातं,
लक्ष कधी गेलं नव्हतं.

"मीच."

तिने दार उघडलं.
"जेवण झालंय का?"

त्याच रात्री फुग्यात ती दोन अक्षरं घातली.
भोवती बरीच जागा उरली.
अझीमच्या प्रश्नासाठी
अख्ख्या प्रकरणात चौकट सापडली नाही.